.३०८ घेतली, आता हरणासाठी काडतूस कुठलं? आधी बुलेट बघ, कॅलिबरचं नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की पेनसिल्व्हेनियात शिकारीचा कोर्स झाला, लायसन्स झालं, .३०८ विंचेस्टरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली, आणि दुकानात गेलास तर काडतुसांची अख्खी भिंत समोर, एकाच .३०८ चे वीस-पंचवीस प्रकार. ऑफिसातला एकजण म्हणतो .३०८ कमी पडेल, मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल, घ्यायला हवी होतीस, दुसरा म्हणतो रेंजवरचीच स्वस्त काडतुसं वापर, हरीणच तर आहे. तू मला काका म्हटलंस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी ते रेंजवरच्या स्वस्त काडतुसांचं. ती जर फुल मेटल जॅकेट, म्हणजे एफएमजे असतील, तर हरणावर अजिबात नाही. पेनसिल्व्हेनियाच्या नियमातच आहे की बुलेट, म्हणजे काडतुसाच्या टोकाची उडणारी गोळी, आघातानंतर पसरणारी हवी, आणि बहुतेक राज्यांत असंच आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी कारण समजून घे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. एफएमजेचं शिसं पूर्ण तांब्याच्या कवचात बंद असतं, ती हरणाच्या फुफ्फुसातून बारीकसं भोक पाडून पलीकडे निघून जाते, हरीण पळतं, मैलभरसुद्धा जातं, कुठेतरी झाडीत तासन्‌तास तडफडून मरतं आणि तुला सापडतही नाही. सॉफ्ट पॉइंटचं तोंड उघडं असतं, शिसं बाहेर दिसतं, आत शिरल्या शिरल्या ते पसरतं, ७.८ मिलिमीटरची बुलेट साधारण दीडपट ते दुप्पट रुंद होते, आणि दोन्ही फुफ्फुसं फाटली की हरीण फार तर शंभर-दीडशे पावलं जातं आणि पडतं. पसरणाऱ्या बुलेटचा इतिहास आपल्याकडचाच आहे, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी अशा गोळ्या बनवल्या, त्या इतक्या भयानक ठरल्या की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात वापरायला बंदी आली. शिकारीत बरोबर उलटं आहे, तिथे जनावर पटकन मरावं म्हणून तीच पसरणारी गोळी सक्तीची. त्यामुळे एनसीसीत किंवा रेंजवर जे बघितलंय ते इथे लागू नाही.

आता कॅलिबर, म्हणजे रायफल कुठल्या मापाच्या काडतुसाची ते. .३०८ घेतलीस ते उत्तम केलंस, हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, व्हाइटटेल, अंगाने साधारण आपल्या चितळाएवढं, मोठा नर असला तरी सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास. त्याला मारायला फार ताकद लागत नाही, योग्य जागी योग्य बुलेट लागते. या राज्यातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या .३०-३० ने हरणं मारली आहेत, ते काडतूस १८९५ चं, १५० ग्रेनची बुलेट सेकंदाला जेमतेम २४०० फूट वेगाने जाते. .३०-०६ हे १९०६ चं, .२७० विंचेस्टर १९२५ चं, तुझं .३०८ हे १९५२ चं, .२४३ हे १९५५ चं, सेव्हन एमएम-ओ-एट १९८० चं आणि आजकाल सगळ्यांच्या तोंडी असलेलं सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर २००७ चं. ही सगळीच्या सगळी काडतुसं व्हाइटटेलला पुरून उरतात. यांच्यातल्या फरकावर लोक रात्रभर वाद घालतात पण ८० यार्डांवर उभ्या असलेल्या हरणाला त्यातला फरक कळणार नाही. इथल्या जंगलात, म्हणजे ओक, हेमलॉक आणि खाली कमरेएवढं माउंटन लॉरेल अशा झाडीत, बहुतेक शॉट शंभर यार्डांच्या आतलेच मिळतात. ते ३०० यार्ड वगैरे वायोमिंगच्या उघड्या माळावरचं, नाहीतर शेताच्या कडेला बसलास तर.

मॅग्नमचं म्हणशील तर .३०० विन मॅगचा धक्का .३०८ च्या दीडपटीहून जास्त असतो. पहिल्या वर्षीच्या माणसाला हा धक्का खांद्यापेक्षा डोक्यात जास्त बसतो. चार-पाच राउंड मारले की ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतात, खांदा पुढे येतो, नेम सरकतो आणि गोळी पोटात लागते. पोटात लागलेलं हरीण ही या छंदातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, जनावराचे हाल आणि मांसाचीही नासाडी. जखमी हरणांच्या ज्या कथा मी ऐकल्या-बघितल्या त्यात काडतूस कमी ताकदीचं होतं असं फार क्वचित, नेम चुकला किंवा बुलेटचा प्रकारच चुकीचा, हेच जवळजवळ सगळीकडे. आणि जवळून मॅग्नम मारली तर पुढच्या पायाचं सगळं मांस रक्ताळून काळं पडतं, ते फेकावं लागतं.

तर मुद्दा बुलेटचा. भिंतीसमोर उभा राहशील तेव्हा बॉक्सवर कॅलिबरनंतर वजन असतं, ग्रेनमध्ये, आणि मग बुलेटच्या प्रकाराची अक्षरं. ग्रेन म्हणजे धान्याच्या दाण्याएवढं वजन, एका पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे १५० ग्रेनची बुलेट पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. आधी नको ते बाजूला काढू म्हणजे भिंत अर्धी होईल. एफएमजे गेलं. ज्यावर ‘मॅच’ लिहिलंय ते गेलं, आणि इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण मॅच बुलेटच्या टोकाला बारीक भोक असतं, बॉक्सवर हॉलो पॉइंट असंही लिहिलेलं असतं, त्याला वाटतं हे पसरणारं. ते भोक बुलेट बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, पसरण्यासाठी नसतं, ती कागदावर छान ग्रुप देते, म्हणजे भोकं जवळजवळ पडतात, पण हरणात कधी फुटते कधी आरपार जाते, भरवसा नाही. मग ‘व्हार्मिंट’ लिहिलेलं गेलं, त्या हलक्या बुलेट ग्राउंडहॉग, कोयोटी असल्या छोट्या जनावरांसाठी, पातळ कवचाच्या, हरणाच्या खांद्यावर लागल्या तर वरच्यावर फुटून मोठी जखम करतात आणि आतपर्यंत पोचतच नाहीत. .२४३ वाल्यांनी तर हे फारच सांभाळायला हवं कारण त्यात ५५ ग्रेनची व्हार्मिंट आणि १०० ग्रेनची हरणाची, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

उरलं ते म्हणजे हरणासाठीचं, आणि त्यात साधारण तीन घराणी. पहिलं, साधं सॉफ्ट पॉइंट, शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं कवच. रेमिंग्टनचं कोअर-लॉक्ट १९३९ पासून चाललंय, विंचेस्टरचं पॉवर-पॉइंट, फेडरलचं पॉवर-शॉक, ही त्याच जातीची. दिसायला साधी, बॉक्सही हिरवे-निळे जुनाट, किंमत सगळ्यात कमी, आणि .३०८ च्या वेगाला, १५० ग्रेनमध्ये, व्हाइटटेलवर ही अजूनही अप्रतिम काम करतात. लोक यांना कमी लेखतात ते मला पटत नाही.

दुसरं घराणं म्हणजे ज्यात शिसं कवचापासून सुटू नये म्हणून काहीतरी सोय केलेली असते. याची सुरुवात जॉन नोस्लर नावाच्या माणसाने केली, १९४६ मध्ये कॅनडात मूजवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणावर, त्याच्या बुलेट वरच्यावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत, तेव्हा त्याने मधोमध तांब्याचा पडदा असलेली बुलेट बनवली, पुढचा भाग पसरतो आणि मागचा तसाच आत घुसत राहतो, ती पार्टिशन १९४८ पासून विकायला आली. पुढे बाँडेड बुलेट आल्या, त्यात शिसं कवचाला जोडूनच टाकलेलं असतं, फेडरलचं फ्यूजन, नोस्लरचं अ‍ॅक्यूबाँड वगैरे. हाड लागलं तरी या एकसंध राहतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. बाहेर पडणं फार महत्त्वाचं आहे, कारण दोन भोकं असतील तर रक्ताचा माग जमिनीवर नीट मिळतो, नोव्हेंबरअखेर पानं पडलेली, संध्याकाळचे पाच वाजले की अंधार, अशात एक थेंब इथे आणि एक तिथे शोधायचं म्हणजे काय असतं ते लॉरेलमध्ये गुडघ्यावर रांगल्याशिवाय कळत नाही. तुझी रायफल .२४३ किंवा .२७० असती तर मी तुला सरळ बाँडेडच घे म्हटलं असतं, हलकी आणि वेगवान बुलेट असली की हा आधार हवाच. .३०८ मध्ये हवीहवीशी आहे, गरजेची आहे असं नाही.

तिसरं घराणं पूर्ण तांब्याचं, शिसं अजिबात नाही. बार्न्सने १९८९ मध्ये हे चालवून दाखवलं, आता सगळेच बनवतात. याबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्या घरांत याला महत्त्व आहे. शिशाची बुलेट हरणात पसरते तेव्हा तिचे बारीक बारीक कण सुटतात, डोळ्याला न दिसणारेसुद्धा, आणि जखमेपासून वीतभर लांब मांसात जाऊन बसतात, हे एक्स-रे काढून दाखवलेलं आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात याच कारणावरून फूड पँट्रींना, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्रांना, दान आलेलं हरणाचं मांस वाटू नका असं सांगितलं गेलं होतं. मोठ्या माणसाने वर्षातून चारदा खाल्लं तर लगेच काही होतं असं मी म्हणत नाही, पण लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही हे सीडीसी, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसंस्था सांगते, आणि तू लिहिलंयस की घरी दोन वर्षांची मुलगी आहे आणि बायकोला परत दिवस गेलेत. मग माझ्या मते तुझ्यासाठी प्रश्नच मिटला, तांब्याचं घे. बॉक्स दीडपट-दुप्पट महाग पडतो, पण सीझनला लागतात किती, सराव स्वस्तातल्यावर कर आणि शेवटचा झीरो, म्हणजे स्कोपचा नेम जुळवणं, तांब्याच्यावर. गरुड आणि बाकीचे पक्षी जंगलात सोडलेली आतडी खातात आणि त्यातल्या शिशाने मरतात, तो दुसरा फायदा, कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची बुलेट बंदच करून टाकली.

तांब्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेव. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची बुलेट लांब होते, तेव्हा वजन एक पायरी खाली घ्यायचं, .३०८ मध्ये शिशाची १५० घेत असशील तर तांब्याची १३० किंवा फार तर १५०, १८० च्या नादी लागू नको. आणि तांब्याला पसरायला वेग लागतो, साधारण सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या खाली वेग गेला की ती नीट उघडत नाही. तुझ्या रायफलमधून ती नळीच्या तोंडाशी २८०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त वेगाने निघते, शंभर-दोनशे यार्डांपर्यंत काळजीच नाही. हलकी म्हणजे कमी ताकदीची असा समज सोडून दे, वजन न गमावता सरळ जाते म्हणून १३० ची तांब्याची बुलेट हरणाच्या आरपार जाते. शिशाचीच वापरणार असशील तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काप, वीतभर तरी, आणि रक्ताळलेलं काही खिम्यात टाकू नकोस, इथले प्रोसेसर, म्हणजे हरीण कापून मांस करून देणारे, सगळ्यांचं एकत्र दळतात का तेही विचारून घे.

वजनाचं एवढंच की .३०८ ला शिशात १५० किंवा १६५, बास. १८० हे एल्क, मूज असल्या मोठ्या जनावरासाठी, हरणावर चालत नाही असं नाही पण गरज नाही आणि धक्का वाढतो.

आता खरी गंमत, की तुझ्या रायफलला कुठलं आवडतं. दोन भाऊ एका घरात वाढूनही एकाला मटण आवडतं एकाला मासे, तसंच एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन रायफलींचं असतं, हे कुणालाही पुस्तकातून सांगता येणार नाही. म्हणून एकाच प्रकारचे पाच बॉक्स आणू नको, दोन-तीन वेगवेगळे प्रकार एकेक बॉक्स आण. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून १०० यार्डांवर तीन-तीन राउंडचे ग्रुप मार, मध्ये बॅरल थंड होऊ दे, घाई करू नको, आणि प्रत्येक कागदावर काय मारलं ते लिहून ठेव. तीन भोकं दोन इंचांत आली तर हरणासाठी ते भरपूर आहे, अर्ध्या इंचाच्या मागे लागून पैसे घालवू नको. हरणाचं हृदय-फुफ्फुसाचं क्षेत्र आठेक इंचाचं असतं. जे काडतूस चांगलं बसलं त्याचेच दोन-तीन बॉक्स एकाच लॉट नंबरचे घेऊन ठेव, सीझनच्या तोंडावर तेच मिळेल याची खात्री नसते.

झीरो करताना १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर लागेल असा ठेवलास तर २०० वर जवळपास मधोमध लागतं, ३०० वर सात-आठ इंच खाली जातं, पण ३०० तू सध्या विसर. प्रकार बदललास तर झीरो परत करायचा, शिशाच्या १५० चा झीरो तांब्याच्या १३० ला चालेल असं धरू नकोस. मग टेबलावरून उठ आणि आठ इंचाची कागदी प्लेट लावून बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मार, जाड जॅकेट घालून मार. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या प्लेटवर लागतात ते तुझं अंतर, ते ७० यार्ड आलं तर ७०, त्यापलीकडचं हरीण कितीही मोठ्या शिंगांचं असलं तरी जाऊ द्यायचं. हरीण आडवं उभं असताना किंवा किंचित पलीकडे वळलेलं असताना पुढच्या पायामागे मारायचं, समोर तोंड करून उभं असेल तर थांबायचं. मारल्यावर लगेच मागे धावायचं नाही, अर्धा तास जागेवर बसायचं, नाहीतर पडलेलं हरीण उठून परत पळतं.

एक सुरक्षिततेचं, हे वाचून सोडून देऊ नको. बॅरलवर जे कोरलेलं असतं तेच आणि तेवढंच काडतूस त्या रायफलीत. एखादं दुसरंच काडतूस आत बसलं म्हणजे चालतं असं नसतं. .३०० ब्लॅकआउट चुकून .२२३ मध्ये गेलं की रायफल हातात फुटते, माणसं जखमी झालेली आहेत. घरात दोन कॅलिबर असतील तर एका वेळी एकच टेबलावर. आणि मित्राची .३०-३० लिव्हर अ‍ॅक्शन वापरायला घेतलीस तर लक्षात ठेव, तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, टोकदार बुलेट पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकते आणि धक्क्याने उडू शकते, तिला चपट्या तोंडाची किंवा त्यासाठीच बनवलेल्या रबरासारख्या मऊ टोकाचीच काडतुसं लागतात.

कायद्याचं पटकन. गेम कमिशनचं, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याचं, त्या वर्षीचं डायजेस्ट, म्हणजे नियमपुस्तिका, नीट वाच, शहराजवळच्या काही काउंट्यांत हरणासाठी सेंटरफायर, म्हणजे तुझ्या .३०८ सारख्या, रायफलवर निर्बंध असतात. रायफल सीझन २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, आधी सोमवारी व्हायचा. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी अंगावर हवं. व्हिसावर असशील तर बंदूक आणि काडतुसं बाळगण्याचा फेडरल नियम वेगळा आहे, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद आहे पण लायसन्सची मुदत संपली की तो आधारही संपतो, काडतुसं घरात ठेवण्यालाही हे लागू आहे, तेव्हा वकिलाकडून एकदा नीट समजून घे. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या मेंदूच्या रोगाच्या भागात मारलंस तर डोकं तपासणीला दे आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये.

गावाकडचे विचारतात, मलाही विचारतात, की हरीण कसं मारवतं तुम्हाला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझं ठाम मत आहे, तिथे चितळ-भेकर वाचवायची वेळ आहे. इथे लांडगे आणि कूगर संपल्यावर हरणं इतकी वाढली की जंगलात नवी रोपंच उगवू देत नाहीत, म्हणून दर वर्षी किती मारायची ते भागाभागाने ठरतं. काडतुसाच्या प्रत्येक बॉक्सवर ११ टक्के फेडरल कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. मांस जास्त झालं तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्टमार्फत गरजूंना देता येतं, तिथे तांब्याच्या बुलेटचं मांस दिलंस तर मला जास्त बरं वाटेल, ते खाणाऱ्या घरांतही लहान मुलं आहेत.

तर तुझ्यासाठी यादी अशी, १३० किंवा १५० ग्रेनची तांब्याची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक बॉक्स, आणि १५० ग्रेनच्या साध्या सॉफ्ट पॉइंटचे दोन बॉक्स सरावाला. ऑक्टोबर संपायच्या आत रेंजवर जा, नोव्हेंबरात तिथे रांगा लागतात. कागदांचे फोटो काढून पाठव, कुठला ग्रुप कुठल्या बॉक्सचा ते लिहून, तुझ्या स्कोपला, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीला, पाव इंची क्लिक असेल तर १०० यार्डांवर चार क्लिकला एक इंच सरकतं, किती आणि कुठे फिरवायचं ते बघून सांगतो.